एटनाच्या पायथ्याशी संत्रातोडणी

काटोल तालुक्यात वडिलोपार्जित संत्र्याची बाग असलेली माझी मैत्रीण आणि नागपुरात एका कार्यालयात हिशेब सांभाळणारी मी, अशा आम्ही दोघींनी मागच्या हिवाळ्यात इटलीतील शेतांवर काम करत प्रवास केला. निघण्यापूर्वी तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, विचारले होते की घरी बाग असताना दुसऱ्याच्या बागेत राबायला एवढ्या लांब कशाला जायचे. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही आमच्याजवळ होते. विदर्भातला संत्रा उत्पादक बहुतेक वेळा फळ विकत नाही, बाग विकतो. फळ झाडावर अजून हिरवे असतानाच व्यापारी येतो, बागेत एक चक्कर मारून मालाचा अंदाज बांधतो, इसार देतो, आणि पुढे तोडणीच्या वेळी फळगळ झाली, माल बारीक निघाला, बाजार पडला अशी कारणे सांगून ठरलेल्या रकमेतही कापाकापी करतो. ते फळ पुढे कोणत्या शहरात गेले आणि काय भावाने विकले गेले, हे ज्याने वर्षभर झाडाला पाणी दिले त्याला कळतही नाही. सिसिलीतील काही छोटे बागाईतदार मात्र आपले फळ स्वतः पेटीत भरून उत्तर इटलीतील शहरांमधल्या कुटुंबांना थेट पाठवतात आणि त्याचा भाव हंगामापूर्वी स्वतः सांगतात, असे मैत्रिणीच्या वाचनात आले होते. तिला ते झाडापासून पेटीपर्यंत, स्वतःच्या हाताने काम करून पाहायचे होते. अभ्यासदौऱ्यात तासाभरासाठी एखादे पॅकिंग केंद्र दाखवतात, त्यातून हे समजत नाही, असे तिचे म्हणणे होते आणि मला ते पटले.

त्या वर्षी त्यांच्या बागेत मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणारा फुलोरा, धरलेला होता. आंबिया बहाराचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतरते, तर मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये; त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ तिला बागेपासून दूर राहून काढता आला. मी साठवलेली रजा आणि काही दिवसांची बिनपगारी रजा जोडून घेतली.

आम्ही ज्या व्यवस्थेतून गेलो ती ‘वुफ’ या नावाने जगभर ओळखली जाते. तिची सुरुवात १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपर्ड यांना शनिवार-रविवार शहराबाहेर, शेतात घालवावा असे वाटत होते, पण शेती असलेले कोणी ओळखीचे नव्हते. म्हणून त्यांनी ससेक्समधील इमर्सन कॉलेजच्या सेंद्रिय शेतावर काही जणांना सोबत घेऊन जाण्याची परवानगी मिळवली, आणि त्यातून ही साखळी उभी राहिली. रीत अशी की पाहुण्याने दिवसाचे चार-सहा तास शेतात हात लावायचा आणि यजमानाने त्याला जेवण, अंथरूण-पांघरूण आणि कामाची माहिती द्यायची. पैसा कोणीही कोणाला द्यायचा नाही. ज्यांनी आपल्याकडची इर्जिक पाहिली आहे त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही, कारण तिथेही गावातली माणसे एकाच्या शेतात काम करून देतात आणि घरधनी त्यांना पोटभर जेवू घालतो. फरक एवढाच की इर्जिकीत आज मी तुझ्याकडे आलो तर उद्या तू माझ्याकडे येशील अशी खात्री असते, आणि इथे ती फेड दुसऱ्याच कोणाकडे होते.

इटलीसाठी तिथल्या संघटनेचे सभासदत्व घ्यावे लागते व त्यात अपघात विमा येतो. त्याखेरीज शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते ते वेगळे. अल्पमुदतीच्या या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि नोकरी किंवा मजुरी करता येत नाही. आम्ही अर्जासोबतच्या पत्रात कुठे राहणार, कोणाकडे राहणार आणि तिथे काय करणार हे सरळ लिहिले आणि यजमानांची पत्रे जोडली. जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे लपवून न ठेवता आधी वाणिज्य दूतावासाला विचारावे, असे मी आवर्जून सांगेन.

पहिला मुक्काम उंब्रिया प्रांतात, ट्रेवी या डोंगरावरच्या गावाखालील जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, मळ्यात होता. नोव्हेंबर हा तिथल्या तोडणीचा महिना. उतारावर झाडाखाली जाळी अंथरायची, हातातल्या छोट्या दाताळ्याने फांदी विंचरायची, खाली पडलेल्या फळातली पाने-काड्या वेचायच्या आणि फळ हवा खेळेल अशा छिद्रांच्या क्रेटमध्ये भरायचे. पोत्यात भरले तर फळ दबते, गरम होते आणि तेलाची आम्लता वाढते. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणवण्यासाठी ती ०.८ टक्क्याच्या आत असावी लागते. म्हणून दिवसभराची तोड त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घाण्यावर पोहोचवायची, असा दंडक होता. घाण्यावर आमचे यजमान यंत्राजवळून हलत नसत. आपलेच फळ आत गेले आणि आपलेच तेल बाहेर आले हे ते उभे राहून पाहत, आणि फळाचा लगदा घोटतानाचे तापमान २७ अंशांवर गेले नाही ना, याकडे त्यांचे लक्ष असे. हिरवेकंच, घशाला झोंबणारे ते ताजे तेल भाजलेल्या पावावर घालून आम्हाला तिथेच खायला दिले. शंभर किलो फळातून बारा-पंधरा किलो तेल निघाले की ते समाधानी दिसत.

त्या घरात एका संध्याकाळी जेवणात जी कडधान्याची आमटी आली ती पाहून मैत्रीण थबकली, कारण ती लाखोळी होती. भंडारा-गोंदियाकडे धानानंतरच्या ओलीवर घेतली जाणारी, लहानपणापासून आम्ही ‘खाऊ नये’ असे ऐकत आलेली, आणि १९६१ पासून जिच्या विक्रीवर आपल्याकडे बंदी होती तीच लाखोळी. यजमानीण बाईंनी ती आदल्या दिवशी भिजत घातली होती, पाणी पुन्हा पुन्हा बदलून फेकले होते आणि मग शिजवली होती. पोटासाठी रोज रोज नुसती तीच खाण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना तिचा त्रास झाला. भिजवून, पाणी काढून, अधूनमधून खाणाऱ्या या घरात ती डोंगराळ भागाचे मानाचे पीक म्हणून शिल्लक होती. आम्ही दोघींनी ती दोनदा मागून घेतली.

मधल्या काळातला एक मुक्काम आम्ही अर्धवट सोडला. ते शेत कमी आणि पाहुण्यांची उतरण्याची जागा जास्त होती; कामाचे तास ठरल्याप्रमाणे संपत नव्हते, आणि शेतातल्या कामाऐवजी खोल्या झाडणे, चादरी बदलणे हेच आमच्या वाट्याला येत होते. इटलीतील कृषी पर्यटनाचा २००६ चा कायदा सांगतो की शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, पण शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. तिथे तसे दिसत नव्हते. आम्ही नीट सांगून निघालो. अशा ठिकाणी भिडेखातर थांबू नये.

सिसिलीला जाणारी आगगाडी व्हिला सान जोव्हानीला पोहोचली की तिचे डबे तोडून मोठ्या बोटीच्या पोटात ढकलतात आणि प्रवाशांसकट गाडीच समुद्र ओलांडून मेसिनाला उतरते. तिथून आम्ही कातानियाला आणि पुढे लेंतिनीच्या बाजूला गेलो. कातानियाचे मैदान, त्यात मैलोन् मैल संत्र्यांच्या बागा, आणि उत्तरेला साडेतीन हजार मीटरांच्या जवळ जाणारा, माथ्यावर बर्फ आणि धूर दोन्ही असलेला एटना ज्वालामुखी. यजमान जोडपे साठीच्या पुढचे. बाग मोठी नव्हती, काकांच्या बागेपेक्षा थोडी लहानच, आणि ते ऐकून मैत्रिणीला बरे वाटले, कारण मोठ्या बागेचा धडा आमच्या उपयोगाचा नव्हता.

तिथले प्रसिद्ध फळ म्हणजे लाल गराचे संत्रे. ‘अरांचा रोसा दी सिचीलिया’ या नावाला १९९६ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे आणि त्यात तारोक्को, मोरो व सांग्विनेल्लो या तीन जाती येतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे फळ आपल्या नागपुरी संत्र्याचे नव्हे, मोसंबीचे भावंड आहे. साल घट्ट, गराला चिकटलेली. गर लाल होण्यासाठी थंडी लागते. दिवसा ऊन आणि रात्री एटनावरून उतरणारा गारठा यांतला फरक जितका जास्त, तितके ॲन्थोसायनिन हे रंगद्रव्य फळात जास्त उतरते. त्यामुळे एकाच झाडाच्या दोन बाजूंची फळेही सारखी लाल नसतात, आणि साल पाहून आतला रंग सांगणे कठीण असते.

पहिल्या सकाळी आम्ही दोघी सातच्या आधी हातमोजे घालून तयार होतो. यजमानांनी आम्हाला बसवून ठेवले. फळावर दव होते आणि दव वाळल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम होता. ओले, पाण्याने तट्ट फुगलेले फळ दाबले गेले की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, ते तेल सालीवर पसरून तिथली साल जळते आणि दोन-तीन दिवसांनी तपकिरी डाग उठतो. तोडताना तो दिसत नाही, पेटी गिऱ्हाइकाने उघडल्यावर दिसतो. नऊ-साडेनऊला यजमान झाडांत हात घालून पाने चाचपत, आणि मग काम सुरू होई.

तोडणीसाठी टोकाला बोथट असलेली छोटी कात्री असते. प्रत्येक फळाला दोन वेळा कापायचे. पहिला काप फळापासून थोडा दूर, देठ लांब ठेवून. मग फळ हातात घेऊन दुसरा काप देठाच्या चकतीला अगदी लागून. सालीवर अंगठा फिरवून देठ लागत नाही ना हे बघायचे, कारण अर्धा सेंटिमीटर देठ राहिला तरी तो क्रेटमधल्या शेजारच्या फळात घुसतो आणि बुरशीला वाट मिळते. फळ टाकायचे नाही, ठेवायचे. जमिनीला टेकलेले फळ वेगळ्या क्रेटमध्ये, ते रसासाठी. मैत्रीण पहिल्या दिवसापासून हे काम एका लयीत करू लागली. मला ती लय सापडायला वेळ लागला, पण चुका निघून माझा क्रेट कधी परत आला नाही. आमच्याकडे तोडणीच्या वेळी फळ पिळून ओढतात, बऱ्याचदा चकती सालीसकट निघून येते आणि तिथून फळ सडते. नागपुरातच अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९८५ मध्ये ती राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, आणि कात्रीने तोडा हे सांगणे आमच्या शेतकऱ्यांनी ऐकलेले नाही असे नाही. अडचण वेगळी आहे. बाग एकरकमी व्यापाऱ्याला दिलेली असते, तोडणारी टोळी व्यापाऱ्याची असते, तिला दिवसात गाडी भरायची असते, आणि ते फळ पुढे सडले तर त्याचा तोटा कोणाच्या पदरी जाईल याच्याशी त्या टोळीचा संबंध नसतो. फळ ज्याच्या नावावर शेवटपर्यंत राहते तोच दव वाळण्याची वाट पाहू शकतो. हे मैत्रिणीने मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाडाखाली सांगितले आणि आमच्या सगळ्या प्रवासाचे सार मला त्या एका वाक्यात मिळाले.

दुपारनंतर काम नसे. तो वेळ ती बागेत फिरून काढी. तिची नजर फळाआधी बुंध्याकडे जाई. सिसिलीत पूर्वी सगळी कलमे आंबट नारंगीच्या खुंटावर केलेली असत. २००२ पासून त्रिस्तेझा या विषाणूचा तिथे फैलाव झाला आणि आंबट नारंगीच्या खुंटावरची हजारो झाडे वाळली. आमच्या यजमानांनीही जुनी झाडे उपटून कारित्सो नावाच्या संकरित खुंटावर नवी लावली होती, आणि जुन्यांपैकी जी थोडी टिकली होती त्यांच्याकडे ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडे पाहावे तसे पाहत. आपल्याकडे खुंट जंबेरीचा, आणि आपला वैरी मुख्यतः डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक ओघळवणारा रोग. पण कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, बुंध्याशी पाणी साचता कामा नये, हे दोन्हीकडे सारखेच. मैत्रिणीने मोबाइलवरचा काकांच्या बागेतला डिंक ओघळणाऱ्या बुंध्याचा फोटो दाखवला तेव्हा यजमानांनी मान हलवली आणि तिला एका कोपऱ्यातल्या, खोडाला मोरचूद-चुन्याचा बोर्डो लेप लावलेल्या झाडाशी नेले. दोघांची भाषा एक नव्हती. अर्धा तास ते दोघे त्या झाडाशी बसून होते.

ओळींमधल्या जागेत त्यांनी शरद ऋतूतल्या पावसावर बाकला हे शेंगवर्गीय पीक पेरले होते. ते गुडघ्याइतके वाढले होते आणि फुलावर आला की कापून तिथेच पसरणार होते. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी बोरू किंवा धैंचा पेरून गाडतात तसेच हे. मात्र इथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे सगळे वेळापत्रक उलटे असते. उन्हाळ्याच्या पाण्यासाठी बागेत दगडी हौद होता. असे हौद बांधून पाटाने पाणी फिरवण्याची विद्या अरबांनी नवव्या शतकानंतर सिसिलीत आणली, आणि आंबट नारंगी व लिंबूही त्यांच्याबरोबरच आले. नागपूरचे संत्रेसुद्धा बाहेरूनच आले आहे. रघुजीराजे भोसल्यांनी ते औरंगाबादेहून आणवले असे सांगतात. कोणत्याही मातीत एखादे फळ कायमचे आपले होण्यासाठी पिढ्यांची मेहनत लागते, आणि ती मेहनत मला तिथल्या त्या हौदाच्या गुळगुळीत झालेल्या काठावर दिसली.

घरात थंडी फार होती. जाड दगडी भिंती, फरशी, आणि ऊब फक्त स्वयंपाकघरात. त्यामुळे संध्याकाळी सगळे तिथेच बसत. मैत्रीण मांसाहार करत नाही, हे आधीच कळवले होते आणि त्यांनी ते मनापासून पाळले. एकदा यजमानीण बाईंनी पानेल्ले केले. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात घोटून, घट्ट शिजवून, पाटावर थापून, वड्या कापून तळायच्या. हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर झाले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच पिठाची पाटोडी थापली, सोबत नेलेल्या मसाल्याचा रस्सा केला आणि वड्या तळण्याऐवजी रश्श्यात सोडल्या. तिखट कमी ठेवले होते तरी काकांना पाणी लागले. तिथल्या यजमानांनाही आम्ही एव्हाना काकाच म्हणत होतो.

माझा खरा अभ्यास त्या स्वयंपाकघरातल्या वहीचा. इटलीत शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन उत्पादकाकडून थेट माल मागवतात, अशा गटांना ‘गास’ म्हणतात. पहिला गट १९९४ मध्ये उत्तर इटलीतील फिदेन्झा गावात सुरू झाला आणि २००७ च्या कायद्याने त्यांना नफा न कमावणारी संस्था म्हणून मान्यता मिळाली. आमच्या यजमानांच्या वहीत अशा गटांची नावे, प्रत्येकाची मागणी, पाठवण्याची तारीख आणि आलेली रक्कम असे चार रकाने होते. हंगाम सुरू होण्याआधी ते सगळ्या गटांना एक पत्र पाठवत. त्यात यंदा पाऊस कसा झाला, फळ किती मोठे आहे, किलोचा भाव काय आणि त्या भावात तोडणी, पेटी, वाहतूक व शेतकऱ्याचा वाटा किती, हे फोडून लिहिलेले असे. मी ते पत्र शब्दकोश घेऊन पूर्ण वाचले. आयुष्यभर हिशेब केले, पण विकणाऱ्याने घेणाऱ्यापुढे आपला खर्च असा उघडा मांडलेला मी पाहिला नव्हता, आणि असा मांडल्यावर कोणी घासाघीस करत नाही, हेही मला वहीतून दिसले. पेटीत लहान-मोठी फळे मिसळलेली असत, कारण झाडावर ती तशीच असतात. फळाला मेण लावलेले नसे. वरच्या थरात काही फळे पानासकट ठेवत; पान दोन-चार दिवसांत मलूल होते, त्यामुळे फळ केव्हा तोडले ते घेणाऱ्याला विचारावे लागत नाही.

हे सगळे चांगले आहे म्हणून इटलीतील शेती अशीच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. आम्ही ज्या पंगतीला बसलो त्या पंगतीला तिथला बहुसंख्य शेतमजूर बसत नाही. मुकादमामार्फत परदेशी मजूर आणून त्यांच्या मजुरीतून कापून घेण्याची ‘कापोरालातो’ नावाची पद्धत तिथे जुनी आहे. २०१० च्या जानेवारीत समुद्रापलीकडच्या रोसार्नो गावात संत्री तोडणाऱ्या आफ्रिकी मजुरांवर गोळीबार झाला, दंगल उसळली आणि शेकडो मजुरांना तिथून हलवावे लागले. २०१६ च्या १९९ क्रमांकाच्या कायद्याने मुकादमाबरोबर मालकालाही शिक्षेची तरतूद केली, तरी जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर आणून टाकले. तो वाचला नाही. त्याच भागातला एक पंजाबी तरुण आम्हाला आगगाडीत भेटला होता. आम्ही शेतात फुकट काम करत फिरतो हे ऐकून त्याने शांतपणे विचारले, “दीदी, आपको तो पासपोर्ट वापस मिल जाता है ना?” त्या प्रश्नानंतर बराच वेळ आम्हा दोघींना बोलता आले नाही. आमच्या यजमानांकडे हंगामी मजूर होते, त्यांचे करारपत्र होते आणि त्यांचे काम आम्हाला दिले जात नव्हते. पाहुण्याच्या हाताने मजुराची रोजी मारली जात असेल, तर ते शिकणे नव्हे. जिथे आठ-नऊ तास काम मागतात आणि बदल्यात फक्त खाट दाखवतात, तिथे जाऊ नये, आणि गेल्यास थांबू नये.

दोघींनी मिळून असा प्रवास करणे सोपे नसते, हेही लिहायला हवे. हॉटेलात राहून फिरणाऱ्या मैत्रिणी संध्याकाळी ताज्यातवान्या असतात; आमचे खांदे भरून आलेले असत, खोली एकच असे, आणि थकलेल्या माणसाला बोलणेही नको असते. मला सिराकुसा या प्राचीन शहराचे अवशेष पाहायचे होते, तिला सुट्टीच्या दिवशीही शेजारची रोपवाटिका पाहायची होती. आम्ही वेगवेगळ्या गेलो आणि ते दोघींच्याही हिताचे झाले. ती सोबत नसती तर मी बुंधा पाहायला शिकले नसते; मी नसते तर वहीची छायाचित्रे आणि खर्चाची फोड तिच्याजवळ नसती. शेतावर सोबत न्यायची व्यक्ती निवडताना तिची आवड आपल्यासारखी आहे का, यापेक्षा दिलेले काम ती न सांगता पूर्ण करते का, हे पाहावे असे माझे मत झाले आहे.

फेब्रुवारीत परत आलो तेव्हा काकांनी मृगाच्या बागेचा सौदा आधीच केलेला होता, पण विहिरीकडच्या दोन ओळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून बाहेर ठेवल्या होत्या. त्या दोन ओळी आम्ही कात्रीने तोडल्या, दव वाळल्यावर. भाव आणि त्याची फोड एका कागदावर लिहून नागपुरातल्या ओळखीच्या काही सोसायट्यांमध्ये आधी वाटली. सिसिलीची पेटी मात्र जशीच्या तशी इथे चालत नाही, हे लगेच कळले. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे फळ वरच्या वजनाने दबते. पुठ्ठ्याच्या पेटीत दोन थरांवर तिसरा दिला की खालचे फळ फुटते. म्हणून पेटी उथळ आणि रुंद करून घ्यावी लागली आणि तिचा खर्च वाढला. दुसरी अडचण बारीक फळाची. आपल्याकडे त्याला चुरी म्हणून बाजूला काढायची सवय आहे आणि गिऱ्हाईकही पेटी उघडून आधी मोठी फळे मोजतात. झाडावर सगळी फळे सारखी येत नाहीत हे कागदावर लिहिले होते. काहींनी ते वाचून समजून घेतले, काहींनी पेटी परत केली. परत आलेल्या पेट्या धरूनही काकांना त्या दोन ओळींचे झाडामागे सौद्यापेक्षा जास्त पैसे मिळाले. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून व्यापाऱ्यांचे भाव आधीच उतरलेले आहेत, त्यामुळे हा फरक त्यांच्या लक्षात राहिला. आंबिया बहारासाठी त्यांनी सहा ओळी बाहेर ठेवायच्या ठरवल्या आहेत, आणि गावातल्या दोन तोडणाऱ्या बायांना कात्री कशी धरायची हे मैत्रीण सध्या लिंबाच्या झाडांवर शिकवते आहे.